मागच्या सीटचा इशारा

सांगली, ४ सप्टेंबर २०२५

चि. शैलेंद्र यास अनेक आशीर्वाद.

‘मुलं परदेशात असलेल्या आई-बापांनो, आपली सगळ्यांची तक्रार एकच आहे. आपल्याला खुशाली कळते, माणूस कळत नाही.’ काल ज्येष्ठ नागरिक संघात मी अशी सुरुवात केली. पाच मिनिटं दिली होती, पंचवीस बोललो. अध्यक्ष विश्वजितराव घड्याळ दाखवत राहिले. पण एसटीच्या गेटसभा गाजवलेल्या माणसाला घड्याळ दाखवून काय होणार?

घरी येऊन तुझी पत्रं काढली. फोनवर मला आता धड ऐकू येत नाही, म्हणून तू कागदावर लिहितोस याचं कौतुक आहेच. पण तीन पत्रं झाली, सगळा मजकूर तुझ्या ऑफिसातल्या त्या अमेरिकन पिकअप ट्रकचा. खाली सूनबाईच्या, सुरुचीच्या, दोन ओळी असायच्या, त्या नाहीत. ओवी ट्रेनचं चित्र काढायची, तेही नाही. का, ते लिही. ट्रकचंही लिही, माझा त्याच्यावर राग नाही.

उत्तराची वाट पाहणारा,
बाबा


कावासाकी, १७ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस सा. न. वि. वि.

सुरुची कामात असते, ओवीचा अभ्यास वाढला आहे. दोघी मजेत आहेत.

ट्रकचं विचारलंत म्हणून लिहितो. नवं मॉडेल बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून बदललं आहे. पुढचा स्क्रीनचा पडदा आपल्या देवघराएवढा, चहूबाजूंनी कॅमेरे, मागे ट्रेलर जोडला तर गाडी स्वतः सांभाळून मागे घेते. जपानमध्ये हा विकणार नाहीत. आमच्या गल्लीत शिरलाच तर दोन्हीकडच्या कुंड्या घेऊन बाहेर पडेल. आमच्याकडे चाचणीपुरता एक आहे. रोज सकाळी मी तो आवारात चालवतो आणि दुपारचा डबा त्यातच बसून खातो. माझ्या खोलीपेक्षा त्यात ऐसपैस वाटतं.

माझ्याकडे मागच्या सीटच्या इशाऱ्याच्या सॉफ्टवेअरचं काम आहे. निघण्याआधी मागचं दार उघडलं गेलं असेल, तर उतरताना गाडी आठवण करते की मागे कोणी राहिलं का बघा. नव्या सुधारणेत आत कॅमेराही दिला आहे. पण दहा दिवस झाले, मागचं दार कोणी उघडत नाही, मागे कोणी नसतं, तरी इशारा वाजतो. सात जण चूक शोधतोय. आमचे साहेब मोरिता-सान म्हणाले, लवकर सापडली नाही तर पुढची तारीख हुकेल.

तब्येतीला जपा. कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये नाही, कानात ठेवा.

आपला,
शैलेंद्र


सांगली, २९ सप्टेंबर २०२५

चि. शैलेंद्र यास अनेक आशीर्वाद.

यंत्र कानात आहे. मागच्या गल्लीतलं लाऊडस्पीकरवरचं भाषण ऐकलं आणि परत काढून ठेवावंसं वाटलं.

तुमचा तो इशारा मी नवा मानत नाही. एकतीस वर्षं कंडक्टर होतो. गाडी डेपोत लागली की तिकिटांचा हिशेब नंतर, आधी शेवटच्या बाकापर्यंत जाऊन यायचं. छत्र्या सापडायच्या, डबे सापडायचे, एकदा तर जतचे एक आजोबा गाढ झोपलेले सापडले. ज्या गाडीला मागे वळून बघायला शिकवावं लागतं, ती चालवणाऱ्या माणसांचं काय झालं असेल, असा प्रश्न मला पडतो. एकट्याने दूध आणायला पाच जणांची गाडी काढणाऱ्यांविरुद्ध मी तासभर बोलू शकतो, पण ते राहू दे.

सात जण यंत्राची चूक शोधताय. कामगारांच्या चौकशा मी अनेक लढवल्या, म्हणून विचारतो. गाडी म्हणते मागचं दार उघडलं होतं. ती खोटं कशाला बोलेल? सकाळी ते दार कोण उघडतं, हे कोणी पाहिलं का?

आणि एका खोलीत तिघं कशी राहता, तेही कळव.

तुझा,
बाबा


कावासाकी, १२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी मोरिता-साननी आतल्या कॅमेऱ्याचं चित्रण मीटिंगमध्ये लावलं. दार मीच उघडत होतो.

रोज सकाळी. मागचं दार उघडतो, वाकतो, रिकाम्या सीटवरचा पट्टा ओढून लावतो, दार लोटतो आणि मग पुढे जाऊन बसतो. आमच्या जुन्या छोट्या गाडीत ओवीला बसवताना सहा वर्षं हेच केलं. हात करत होते, मला पत्ता नव्हता. मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी एकामागून एक दहा सकाळी पाहिल्या. कोणी हसलं नाही. मोरिता-साननी अहवालात ‘दोष नाही’ एवढं लिहिलं आणि माझ्या टेबलावर गरम कॉफीचा कॅन ठेवून गेले. त्या दिवसापासून कोणी काही विचारत नाही. इथे ते सभ्यपणाचं मानतात.

बाबा, मी तुम्हाला खोटं लिहिलं. सुरुची आणि ओवी जुलैपासून टोकियोत हिगाशी-कसाईला राहतात. मे महिन्यात ओवीच्या शाळेत खेळांचा दिवस होता. बाप-लेकीची शर्यत होती, मी येतो म्हणालो होतो. त्याच शनिवारी ट्रकच्या पडद्याची नवी सुधारणा अमेरिकेला पाठवायची होती, मी ऑफिसात राहिलो. ओवी शिक्षिकेचा हात धरून धावली. असं पहिल्यांदा झालं नव्हतं. सुरुची भांडली नाही. तिकडे इंडियन शाळा आहे, आपली माणसं आहेत, म्हणाली. मला वाटेल तेव्हा मी यावं, पण ओवीला आता कुठलीही तारीख सांगू नये, असंही म्हणाली. मी गाडी विकली आणि एका खोलीत आलो. एकदाही गेलो नाही. काय तोंडाने जाऊ?

आपला,
शैलेंद्र


सांगली, २४ ऑक्टोबर २०२५

चि. शैलेंद्र यास अनेक आशीर्वाद.

मला ऑगस्टपासून ठाऊक होतं. सुरुची दर महिन्याला पत्र लिहिते. तुझ्याविषयी वाकडा शब्द नाही, पण पाकिटामागे पत्ता हिगाशी-कसाईचा. तू आपणहून सांगावंस म्हणून थांबलो. थांबायला नको होतं.

आता माझं ऐक. डेपोच्या गेटवर हजार माणसांना मी हक्काच्या रजेसाठी लढायला शिकवलं. तुझी आई, दमयंती, मिरजेच्या दवाखान्यात होती तेव्हा मीच रजा काढली नाही. माझ्यावाचून सभा अडेल असं वाटलं. सभा झाली, टाळ्या झाल्या. मी पोचलो तेव्हा तिची खाट धुऊन काढली होती. त्यावर भाषण करता येत नाही. तेवीस वर्षं करून बघतोय.

ट्रकची सुधारणा तुझ्यावाचून होईल. पुढच्या वर्षी ते पुन्हा पडदा बदलतील, पुन्हा तारीख देतील. ओवी पुन्हा आठ वर्षांची होणार नाही.

काय तोंडाने जाऊ विचारतोस. आहे त्याच तोंडाने जा. हे पत्र मिळेल त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी कावासाकीहून ट्रेन पकड, टोकियोत बदलून तोझाई लाइनची मेट्रो घे आणि कसाईला उतर. आधी फोन करू नकोस, तारीख सांगू नकोस, खेळणं नेऊ नकोस. पाकिटामागचा पत्ता सोबत उतरवून दिला आहे. चौथा मजला.

जा आणि बेल वाजव.

बाबा