शिकवून राहिलो

अमरावती, मंगळवार, संध्याकाळ

प्राचार्यांनी आज चहा पाजून सांगितलं. यंदा तत्त्वज्ञानाला एकही प्रवेश नाही, विषय बंद. मला पर्यावरणाचे तास देतील, म्हणजे नुसती हजेरी घ्यायची. मी 'बरं' म्हणालो आणि बिस्किट खाल्लं. त्यांनी बशी पुढे केली तर दुसरंही घेतलं. वाईट कसं वाटलं नाही? अजूनही वाटत नाही.

घरी आलो तर अकोल्याहून दादाचा फोन. नेहमीचंच, "काय करून राहिला बे?"

"शिकवून राहिलो," तोंडून निघून गेलं.

दादा हसला. "लय दिवसांनी आपल्यावानी बोलला!"

खरंच. पुण्यात पीएचडी करताना मार्गदर्शक सरांनी हटकलं होतं, 'शिकवून राहिलो' नाही, 'शिकवतो आहे' म्हणा. तेव्हापासून ते 'राहिलो' जिभेवरून खरवडून काढलं. मग इतकी वर्षं वर्गात जर्मन आणि फ्रेंच तत्त्वज्ञांचं 'असणं' म्हणजे काय, ते समजावत आलो. तेही शुद्ध मराठीत.

विषय बंद झाल्याचं दादाला सांगितलंच नाही. त्याला वाटतंय, मी अजून शिकवून राहिलो.

त्यातलं शिकवणं आज गेलं. नुसता राहिलो.