मान झुकू नये म्हणून

४ एप्रिल
अप्पांना जाऊन तीन आठवडे. वडील गेल्यावर लेकीनं काय करावं? मी कादंबरी संपवतेय. वीस वर्षं साप्ताहिकात नगरसेवकांची टिंगल केली. आता पुण्याच्या संपादकबाई म्हणतात, ‘‘मॅडम, विनोद कुणी विकत घेत नाही. थ्रिलर द्या, डार्क.’’ घ्या. नायिका सोळा वर्षांची, काळजाच्या जागी बर्फाची लादी. प्रकरण ३ मध्ये आजोबांना जिन्यावरून ढकलते.
बर्फ फार लांबून आणला नाही. खालच्या मजल्यावरून, दादाच्या घरातून.

७ एप्रिल
वहिनी डोळे पुसत वर आली. कॉलेजात तिच्या लेकीची, सृष्टीची, मैत्रीण पडली, डोकं फुटलं. सृ. शेजारी बसून डबा संपवत होती.
‘‘वन्सं, काळीज हाय का न्हाय हिला? आजोबा गेले तवा पन डोळ्यात टिपूस न्हाय.’’
मी वहिनीच्या पाठीवरून हात फिरवला. ती जिना उतरेपर्यंत डबा प्र. ५ मध्ये गेला होता.

८ एप्रिल
अप्पांना पुरलं तो दिवस आठवतेय. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. खड्ड्यात मांडी घालून बसवलेले अप्पा, कपाळाला विभूती, सगळे हुंदके देताहेत आणि सृ. विधी करणाऱ्या स्वामींना थेट विचारते, ‘‘मान पुढं झुकू नये म्हणून काय करता?’’
वहिनीनं तिला मागं ओढलं.
असं वाक्य आयुष्यात एकदा मिळतं. जसंच्या तसं प्र. ३ मध्ये घातलं. घर ओळखू येऊ नये म्हणून गाव पुणे, आडनाव दुसरं, आणि खड्ड्याऐवजी सरण. प्र. ३ वाचून संपादकबाईंचा फोन : ‘‘त्या प्रश्नानं काटा आला हो अंगावर! पुस्तक तिथंच आहे.’’ १५ ला पाचपर्यंत अंतिम प्रत.

११ एप्रिल
सृ.ला टाइप केलेली पानं तपासायला दिली. तिच्या नजरेतून काही सुटत नाही, आणि नाव बदलल्यावर तिला काय कळतंय. (हे वीस वर्षं दुसऱ्यांना मूर्ख ठरवणारी बाई लिहितेय.)
‘‘आत्या, ही मी की.’’
‘‘छे गं.’’
‘‘सरणावर माणूस आडवा असतो. त्याची मान कशी झुकंल? हा प्रश्न आपल्यासारख्याच घरात पडतो. आपल्या इथल्या सगळ्या शुक्रवार पेठेला कळंल.’’
हे ना बाईंना दिसलं ना मला.
‘‘अप्पा झोपेत गेले. मी ढकललं नाही.’’ आवाज चढलेला नाही, काही नाही. दारातून वळून म्हणाली, ‘‘खड्ड्यापाशी तू पण रडत नव्हतीस की. माझ्याकडं बघत होतीस.’’
पुढं लिहवत नाही.

१३ एप्रिल
विचारलंच. तो प्रश्न का केलास?
‘‘त्यांची मान दुखायची. रोज मीच तेल लावायची.’’
अप्पा खाली, मी वरच्या मजल्यावर. मला मानेचं ठाऊकच नाही.
मग आशेनं, ‘‘म्हणजे तुला वाईट वाटलं होतं.’’
‘‘नाही. मान तेवढी आठवली.’’
मला मायेचा शेवट हवा होता. पोरगी तोही देईना.

१५ एप्रिल
प्रश्न काढून बघितला. प्र. ३ मेलं, त्याच्यामागं सगळी कादंबरी. परत घातला. ठेवला तर जूनमध्ये पुस्तक आलं की कॉलेजात ही आजोबाला ढकलणारी. वहिनी त्या डोकं फुटलेल्या मैत्रिणीकडं मोसंबी घेऊन माफी मागायला गेलीय. तिला यातलं काहीच माहीत नाही.
साडेचारला सृ. वर आली. हातात भाकरी, वर शेंगाचटणी.
‘‘पाठवलंस?’’
‘‘नको म्हण, काढते.’’
‘‘तुझं पुस्तक. मी कशाला म्हणू?’’
‘‘तुला वाईट वाटंल गं.’’
थोडा विचार केला तिनं. खराखुरा. ‘‘माहीत नाही. वाटलं तर सांगते.’’
पाचला दहा कमी. ती अजून दारात उभी आहे, चावतेय. माझ्या तोंडाकडं बघतेय, मी त्या दिवशी तिच्याकडं बघत होते तशी. प्रश्न अजून पानावर, पान अजून माझ्याकडं.