उपाशी तासं

अण्णा, गव्हाला दुसरा युरिया द्यायचा नाही असं मी ठरवलंय. परवा दुसरं पाणी सोडलं आणि पोती शेडमध्ये तशीच राहू दिली. गावात ही बातमी माझ्याआधी पोचली. कुणी म्हणतं, मास्तरीणबाईला पोतं उचलवत नसेल. कुणी म्हणतं, युरिया मिळालाच नसेल. मी कुणाला काही सांगत बसले नाही. तुम्हाला मात्र सांगायचंय, कारण तुम्ही असतात तर याच गोष्टीवरून आपलं वाजलं असतं.

येळवशीला, वेळ अमावस्येच्या रानातल्या पूजेला, धाकटा सोलापूरहून आला होता, बायकोपोरांना घेऊन. तुमचा धाकटा आता पोट सुटलेला साहेब झालाय, पण येळवशीची पालेभाजी-शेंगांची पातळ भज्जी अजून तशीच ओरपतो. कडब्याच्या कोपीतली पूजा झाली, आंबील वाटून झाली, चिंचेखाली पंगत बसली, तेवढ्यात त्याची नजर शेजारच्या रानावर गेली. तिथला गहू हिरवा काळाभोर दिसत होता. "अक्का, त्यांनी दुसरा डोस दिला बी. आपला कधी?" मी म्हटलं, बघून ठरवीन. "बघायचं काय त्यात? सगळं गाव टाकतंय की." मग हात धुताना जरा हळू आवाजात म्हणाला, "राग मानू नको, पण यंदा उतारा कमी आला तर म्होरल्या साली रान दुसऱ्याला बटईनं लावू, निम्म्या वाट्यावर. तुला बी या वयात कशाला ताप?" त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही, रान दोघांच्या नावावर आहे. पण शाळेतून निवृत्त होऊन मी इथं आले ती दुसऱ्यानं कसलेलं रान बांधावरून बघायला नाही. हे हातातून गेलं तर सकाळी उठून मी काय करायचं, हे मला खरंच सुचत नाही.

आणि बघायचं कसं, ते तर तुम्हीच शिकवलंत. पेरताना आई पाभरीमागं खताचं चाडं धरून त्यात मुठीनं खत सोडत चालायची. ठरलेली जागा आली की तुम्ही नुसतं "हूं" म्हणायचात आणि ती मूठ बंद करायची. बी पडायचं, खत नाही. चारच तासं, पेरणीच्या चार ओळी, पण ती सगळ्या रानाची परीक्षा. गहू कांडी धरायला लागला की ही उपाशी तासं आणि शेजारची जेवलेली तासं ताडून बघायची. उपाशी पिवळी पडली असतील तर रानात काही उरलेलं नाही, युरिया दे. फरक दिसत नसेल तर रान आपल्या जिवावर पीक पोसतंय, हात आवर. मी कॉलेजातून सुट्टीला आले होते आणि बांधावर उभी राहूनच सांगितलं की फरक काही दिसत नाही. तुम्ही एवढे चिडलात. "बांधावरनं पीक बघतीस व्हय? बांधावरनं समदंच हिरवं दिसतंय." मग मला सकाळच्या दहिवरात आत नेलंत, ऊन पाठीवर घ्यायला लावलंत आणि खाली वाकवलंत. "खालचं पान बघ. भूक आधी खाली दिसती." माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि मला रडू येत होतं. पण पुढं वर्गात पोरं बघतानाही मी तेच केलं, आधी मागच्या बाकावर गेले.

नंतर एका दिवाळीत उपाशी तासांची जागा तुम्ही मला निवडू दिलीत. एवढा मान तुम्ही धाकट्यालाही कधी दिला नव्हता. मी विहिरीकडची जागा दाखवली, कारण तिथं जायला सोपं. त्याआधीच्या उन्हाळ्यात नेमकी तिथंच धनगराची मेंढरं बसवली होती, आणि तीही तुम्हीच बोलावून. लेंड्यांचं ते खत दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. तासं अशी हिरवीगार आली की तुम्ही खूश. "रानात दम हाय. युरिया नको." विहिरीकडचा तुकडा सोडला तर बाकीचा गहू पिवळा पडत गेला, ओंब्या बोटभर राहिल्या. खळ्यावर तुम्ही हसलात. "मेंढरं बसवली आपण, अन् फसलो बी आपणच." मला एका शब्दानं बोलला नाहीत. पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं तुमचं झालं. पुढं दर वर्षी उपाशी तासं ठेवलीत, दर वर्षी वाकून बघून आलात, आणि ती काहीही सांगोत, घरी येऊन पोतं फोडलंत. आई एकदा म्हणाली, "द्यायचाच हाय तर बघता कशाला?" तुम्ही म्हणालात, "रीत हाय म्हणून."

अण्णा, तासं खोटं बोलली नव्हती. त्यांनी आपल्या जागेपुरतं खरं सांगितलं होतं, आपण ते साऱ्या रानाला लावलं. म्हणून यंदा मी ती तीन जागी ठेवली, वरच्या अंगाला, मधल्या खोलगट भागात आणि ओढ्याकडं, जिथं मेंढरू बसलेलं नाही. पेरताना त्या जागी खताचा डबा बंद कर म्हटल्यावर ट्रॅक्टरवाला म्हणाला, "बाई, नवस हाय का काय?" आधी सोयाबीन होतं, त्याचा सगळा पाला रानातच कुजलाय. तिन्ही ठिकाणी ऊन पाठीवर घेऊन वाकले. खालचं पानसुद्धा हिरवं आहे. शेजारचा काळाभोर गहू हातात घेतला तर पान मऊ लागतं, मावा दिसायला लागलाय, एखादा जोराचा वारा आला की लोळणार. ओंबी निघायच्या आत मी पुन्हा बघीन. खालचं पान पिवळं दिसलं तर त्याच दिवशी अर्धा डोस देईन, हट्टाला पेटलेली नाही मी. धाकट्याला फोनवर हे सगळं सांगितलं, वर हेही की उतारा कमी आला तर खुशाल बटईनं लाव, मी हूं की चूं करणार नाही. तो म्हणाला, "अक्का, अण्णांनी दिला असता." मी म्हटलं, हो, दिला असता.

हे मी त्याला सांगू शकले, तुम्हाला सांगू शकले नसते. तुम्ही सगळं ऐकून घेतलं असतंत, मान हलवली असतीत आणि पोतं फोडलं असतंत, आणि मी निमूट घमेलं पुढं केलं असतं. तुमची आठवण येत नाही असा दिवस जात नाही. पण तुमचा पत्ता ठाऊक असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं, कारण परवा पाण्याची दारं धरताना, वाफ्यावाफ्यात पाणी वळवताना, तुम्ही नाहीत याचं मला बरं वाटलं.