दुपारी दोनची सही

मी, रुख्मा लीलाधर कटरे, वय ६८, निवृत्त परिचारिका, राहणार बिरसी, जिल्हा गोंदिया. माझं डोकं शाबूत आहे, बीपीची गोळी सकाळीच घेतली आहे, आणि हे कोणी माझा हात धरून लिहवून घेत नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

१. धानाची दीड एकर पुतण्या उमेंद्र यास. तो फक्त दिवाळीला येतो आणि आल्या आल्या घराच्या भिंती ठोकून पाहतो. पण बांध नीट राखतो, म्हणून जमीन त्याची.

२. राहतं घर आमच्या परिचारिका संघटनेच्या गोंदिया शाखेस. इथे नर्सिंग शिकणाऱ्या मुलींनी राहावं. अट एकच: शाखेने या मुलींना सभासद करून घ्यावं आणि चौकशीत संघटनेचं माणूस शेजारी बसल्याशिवाय एकीलाही जबाबावर सही करू देऊ नये. अट मोडली तर घर उमेंद्रचं. तो डोळ्यात तेल घालून बसेल, शाखेने ध्यानात ठेवावं.

३. माझ्याकडे असलेला मोर्चाचा बॅनर संघटनेचे माजी अध्यक्ष भैय्यालालजींना देऊ नये. संघटनेचे उपकार मी विसरले नाही. तिने माझी बदली रोखली, आम्हाला बाळंतपणाच्या रजा मिळवून दिल्या. पण भूमिकाचा (कलम चार पाहावं) विषय निघाला तेव्हा भैय्यालालजी म्हणाले, "स्टुडंट अपने मेंबर नहीं हैं, बाई." मी सचिव होते. मान खाली घालून तेच इतिवृत्तात लिहिलं.

४. माझं छातीला लावायचं घड्याळ भूमिका दुलीचंद पटले हिला, राहणार तालुका सालेकसा. पंधरा वर्षांपूर्वी ती दुसऱ्या वर्षाला होती आणि माझ्या वॉर्डात शिकत होती. ड्युटी दोनला सोपवायची असे, पण आम्ही सगळ्याच "दोन वाजता सोपवली" असं सकाळीच लिहून सही ठोकत असू. त्या दिवशी एक वाजता गेटवर संघटनेची सभा होती. मी निघाले तेव्हा भूमिका म्हणाली, "सिस्टर, मी एकटीच आहो. लवकर येजा." मी म्हणाले, "येतो पंधरा मिनटात."

दीडला सात नंबरच्या खाटेचं इंजेक्शन नऊ नंबरच्या म्हातारीला दिलं गेलं. म्हातारी गेली.

रजिस्टरप्रमाणे मी दोनपर्यंत वॉर्डात होते. मीच भूमिकाला सांगितलं, "सिस्टर हजर होत्या, मी न विचारता दिलं, असं लिहून दे. संघटना तुला सांभाळेल." तिने सही केली. तिचं नाव नर्सिंग शाळेतून काढलं. ती आजही लोकांच्या बांधीत धानाच्या रोवणीला जाते.

तेव्हापासून दुपारी एक वाजला की अंगणात चपला वाजतात. मी दार उघडते. कोणी नसतं. बिरसीच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांची घरघर डोक्यावरून जाते, त्यातही मला "लवकर येजा" ऐकू येतं. मला भीती वाटते. नऊ नंबरच्या म्हातारीची नाही, त्या मुलीची, जी अजून वॉर्डात एकटी उभी आहे.

५. ~~ते रजिस्टर आणि सभेची वही माझ्या पेटीत आहे. एकात मी वॉर्डात, दुसऱ्यात त्याच वेळी गेटवर. अक्षर दोन्हींत माझंच. माझ्या मृत्यूनंतर दोन्ही वह्या नर्सिंग शाळेत द्याव्या.~~

कलम पाच मी स्वतः खोडलं आहे. कारण असं की साक्षीदार म्हणून मी भूमिकाला बोलावलं होतं. तिने उभ्यानेच सगळं वाचलं, घड्याळ परत माझ्या हातात ठेवलं.

"तुमच्या शब्दावर एक डाव सही केली, सिस्टर. आता नाही करत. मेल्यावर कायले सांगता? जित्या आहा न?"

ती अंगणात थांबली आहे. खऱ्याच चपला आहेत. दोन्ही वह्या पिशवीत घेतल्या आहेत. आम्ही आत्ताच शाळेत जात आहोत. शाखेचे जागेश्वरभाऊ तिच्या शेजारी बसतील.

साक्षीदार: १. जागेश्वर बिसेन (सही) २. टीना रहांगडाले, शेजारीण (सही)

रुख्मा लीलाधर कटरे (सही)
बिरसी, १२ नोव्हेंबर २०२४
वेळ दुपारी एक वाजून दहा मिनिटं. घड्याळात पाहून लिहिली आहे.