धूमकेतू अकरा दिवस गप्प आहे

ती. स्व. मामांना भाचीचा वाकून नमस्कार (मनातल्या मनात वाकून, कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीतूनच).

तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? कवळी नीट बसते ना? परवा फोनवर तुम्ही या तिन्ही प्रश्नांना मिळून एकदाच "ठीक" म्हणालात आणि फोन ठेवलात, म्हणून हे पत्र. इकडे सगळे मजेत. म्हणजे नवरा मजेत आहे, लेक मजेत आहे, आणि मला अन्न गोड लागत नाही. त्याचं कारण सांगायची लाज वाटते, पण घरात शहाणं आणि वडीलधारं म्हणावं असं आता तुमच्याशिवाय कोण उरलंय?

तर मामा, मी गेली दोन वर्षं प्रेमकथा लिहिते आहे. दचकू नका, माझी नाही. सुट्टीत तुमच्याकडे आपण सगळे ती अंतराळयानाची मालिका बघायचो, आठवते? त्यातला कप्तान आणि ती यंत्रवाली बाई. सहा वर्षं दोघं इंधनाच्या टाकीपाशी उभे राहून इंधनाबद्दलच बोलले, आणि कप्तानाच्या तोंडून एक शब्द न फुटता मालिका संपली. मामीनं ते फार मनाला लावून घेतलं होतं. पुढे कितीतरी वर्षं मला बघितलं की विचारायची, तो मेला अजून बोलला नाही का गं? मामी गेली त्या वर्षी मला वाटलं, कुणीतरी त्याला बोलतं करायला हवं. लेक म्हणाली, अशा लोकांसाठी एक संकेतस्थळ असतं. मालिकेनं जे केलं नाही ते तिथं हौशी लोक लिहितात, दुसरे हौशी लोक वाचतात आणि खाली आपापलं मत ठोकून देतात. तिनंच माझं खातं उघडलं आणि नाव ठेवलं "दंतकथा". (आई दिवसभर प्रयोगशाळेत कवळ्या बनवते, म्हणून. मला हसू आलं नाही, पण तोवर नाव बदलायची सोय संपली होती.)

लिहिणं सोपं असतं मामा, वाचकांच्या तोंडी लागणं अवघड. एक बाई आहे, ती प्रत्येक भागाखाली "रडले, मेले, पुढचा भाग कधी?" एवढंच लिहिते, आतापर्यंत बावीस वेळा मेली आहे. एक तर्कशास्त्री आहे. यानाबाहेर हवा नाही, तेव्हा चुंबनाचा आवाज येणार नाही, असं त्यानं मला तीन उताऱ्यांत पटवून दिलं. बाकी सगळ्यांची एकच तक्रार, कथेत दात फार आहेत. आता खरं सांगू का, माणूस समोर आला की मी आधी त्याचे दातच बघते. दुसऱ्या लेखिकांचे नायक डोळ्यांनी हसतात, माझा सुळ्यांपासून दाढांपर्यंत हसतो.

आणि या सगळ्यांत एक "निवृत्त धूमकेतू". हा गृहस्थ स्तुती करत नाही. चौथ्या भागात यंत्रघरापासून कप्तानाच्या खोलीपर्यंत चाळीस पावलं आणि नवव्यात बारा, मधला बोळ कुठे गेला, असं विचारतो. सतरावा भाग मी कान लाल करून लिहिला (कसला ते विचारू नका), त्याच्याखाली यानं लिहिलं, "या खोलीत इतकी हालचाल करायला जागा नाही." पण प्रत्येक भाग पहिल्यांदा हाच वाचायचा. मी सकाळी कामावर पोचून मेण तापत ठेवायची, आणि ते वितळेपर्यंत धूमकेतू काय म्हणतो ते बघायची. दोन वर्षं असं चाललं की त्याची सवय होते. पुढे पुढे तर मी बोळांची लांबी मोजून लिहू लागले.

मग आला बाविसावा भाग. अपघातात कप्तानाचे पुढचे दात जातात. यानावर नवे बसवायचं ठरतं. यंत्रवाली बाई गुपचूप दात करणाऱ्याकडे जाते आणि सांगते, त्याचा तो एक डावा दात पूर्वीसारखाच वाकडा ठेव, मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. बाई बाविसाव्यांदा मेली. तर्कशास्त्रीसुद्धा काही बोलला नाही. आणि धूमकेतूनं लिहिलं, "दात डावा नाही. उजवा." मला काही कळेना. दात माझा, म्हणजे माझ्या कप्तानाचा, आणि हा कोण सांगणार? तासाभरानं त्यानं पुन्हा लिहिलं, "हे तिनं सांगितलं होतं?" लोक त्याच्यावर तुटून पडले. काका, भागात स्पष्ट लिहिलंय, चष्मा लावा. तेव्हापासून अकरा दिवस धूमकेतू गप्प आहे.

आता माझी अवस्था ऐका. आधी वाटलं, आमच्या प्रयोगशाळेचे मालकच. उजवं-डावं यावरून दिवसभर ओरडत असतात. चहाच्या वेळी मुद्दाम "धूमकेतू" म्हणून बघितलं, तर म्हणाले, ही टूथपेस्ट नवीन आली का? नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तू लिहितेस?" (दोन वर्षं मी त्याच्याच शेजारी बसून लिहिते आहे.) मग वाटू लागलं, माणूस आजारी तर नसेल? की माझ्या हातून त्याचं काही दुखावलं? शेवटचा भाग लिहून अडकून पडला आहे. परवा एका कवळीत दाढेच्या जागी सुळा बसवला. मालकांनी ती कवळी सगळ्यांना हातोहात फिरवून दाखवली.

तेव्हा विनंती अशी. तुमची हयात नकाशे काढण्यात गेली. मला त्या यानाचा एक आराखडा काढून द्या, बोळांसकट, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील. गुडघ्याला जपा. लेक आठवण काढते.

तुमची
भाची

ता. क. लेकीनं काल कबूल केलं, की तुमच्या टॅबवर वर्तमानपत्रं घालून देताना तिनं "मामाआजोबांना करमेल असं" आणखीही काही घालून दिलं होतं.

ता. क. २ मामा, दात उजवाच. तुमची कवळी केली तेव्हाचा साचा मी फळीवरून काढून बघितला. साचा माझ्याकडे तोंड करून असतो, त्यामुळे माणसाचा उजवा दात माझ्या डाव्या हाताला येतो. कामात वीस वर्षांत ही चूक केली नाही, ती कथेत केली. धूमकेतूनं विचारलं होतं त्याचं उत्तर, हो. मामी भाजीची पिशवी घेऊन प्रयोगशाळेत आली होती, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "यांना सगळे सरळ हवेत. पण तो एक होता तसाच कर. नाहीतर घरात कुणी परका वावरतोय असं वाटेल मला." तुम्ही त्या दाताची तक्रार घेऊन तीनदा आलात, आणि तिन्ही वेळा मी मेणावर ढकललं. तिला शब्द दिला होता. तो मी असा चारचौघांत मोडला, तुमच्याशी न बोलता. चुकले.

ता. क. ३ शेवटचा भाग सोबत जोडला आहे. अजून कुठेही टाकलेला नाही. त्यात कप्तान बोलतो. काय बोलतो, ती ओळ कोरी ठेवली आहे. दोन वर्षं झटूनही मला सुचली नाही. तुम्ही भरा. तिला तुम्ही कधी म्हणाला असाल तर ते लिहा, म्हणायचं राहिलं असेल तर तेही चालेल.

ता. क. ४ सतराव्या भागातली खोली मी वाढवून घेते आहे. त्या भागाबद्दल आपण दोघांनी या जन्मात एकमेकांशी काहीही बोलायचं नाही.