रंगवलेल्या शिंगांची नाव

भूम, बुधवार

प्रिय रणधीर,

काल घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तू त्या 'जलपरी'चा फोटो टाकलास आणि खाली लिहिलंस, 'आक्कानं पसंत केलेली नाव, रविवारी ताब्यात घेतोय.' म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. मी ती नाव पसंत केलेली नाही. त्या दिवशी धक्क्यावर मी गप्प राहिले, एवढंच झालं. समोरचा गप्प बसला की त्याचा होकार धरायचा ही तुझी जुनी खोड आहे. पण या वेळी त्या खोडीपायी तू समुद्रात जाणार आहेस आणि तेही एकटा. फोन केला असता, पण फोनवर तू 'हो आक्का, हो आक्का' म्हणतोस आणि ऐकत काहीच नाहीस. कागद निदान दुसऱ्यांदा वाचता येतो.

साठी गाठलेला, बँकेतून निवृत्त झालेला, टँकरच्या रांगेत घागर धरून वाढलेला माणूस शिडाची जुनी नाव घेऊन कोकणच्या किनाऱ्यानं मालवणपर्यंत जायचं म्हणतो, याला गावात सगळे हसले. मी हसले नाही. माणसानं साठीनंतर काय करावं हे गावानं ठरवू नये. मला हसू आलं ते तुझ्या निवडीचं. तू मला दोन पानांचं टिपण पाठवलं होतंस. त्यात गाद्यांचा निळा रंग होता, सागवानी टेबल होतं, पितळी दिवा होता, चार बाटल्या मावतील एवढा फ्रीज होता. पाण्याखाली काय आहे याबद्दल एक ओळ नव्हती. एवढी वर्षं कर्जाचे अर्ज तपासलेस ते असेच तपासलेस का?

तुला तो पांढरा बैल आठवत असेल. तू आठ वर्षांचा होतास. आण्णा आपल्या दोघांना आठवडी बाजारात घेऊन गेले आणि म्हणाले, आज रणधीर बैल निवडणार. तू सरळ लाल रंगवलेल्या शिंगांपाशी जाऊन उभा राहिलास. मी दात बघा म्हणत होते, चाकं दोरानं आवळून गाडी ओढायला लावा म्हणत होते. आण्णांनी मला गप्प केलं आणि तुझा बैल घेतला. तुला कळावं म्हणून घेतला. पहिल्याच दिवशी तो अर्ध्या घटकेत नांगराच्या तासात बसला तो उठेना. बसका निघाला. आण्णा बांधावर उभे राहून तुला म्हणाले, "जा, शिंगं धरून उठव आता." त्या दिवशी तू जे शिकलास असं त्यांना वाटलं, ते तू शिकला नव्हतास हे मला गेल्या महिन्यात कळलं.

नाव बघायला मी मच्छिंद्रला बरोबर आणलं तेव्हा तू तोंड वाकडं केलंस. शेतातलं इंजिन दुरुस्त करणाऱ्याचं नावेत काय काम, असा तुझा चेहरा होता. तो माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. आज तालुक्यातली निम्मी इंजिनं त्याच्या हातून गेलीत. पांढऱ्या बुटांच्या त्या दलालानं किल्ली फिरवली, इंजिन एका दमात चालू झालं आणि तू टाळी वाजवलीस. त्याआधी मच्छिंद्रनं नुसता तळवा टेकवला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाई, मशीन आधीच तापवून ठेवलंय ह्यानं. बाजारात बैलाला मीठ चारून पाणी पाजत्यात, पोट भरल्यालं दिसावं म्हणून, तसंच हाय हे." दलाल तुला सांगत होता, "साहेब, ही राणी आहे राणी." मच्छिंद्र म्हणाला, "राणीचं पोट गळतंय."

खालची फळी मीच उचलायला लावली. तळाशी पाणी होतं. "मॅडम, पावसाचं आहे," दलाल म्हणाला. मी बोट बुडवून चाखलं. खारट. पाऊस खारा पडत नाही, हे मी सातवीच्या मुलांना शिकवत होते. ते पाणी जिथून झिरपत होतं तिथंच नावेचा लोखंडी कणा बोल्टांनी जोडलेला आहे, आणि दोन बोल्टांची डोकी गंजून खाल्लेली होती. मग मी माठ वाजवून घेतात तशी ती नाव बोटांच्या पेरांनी वाजवत गेले. तुला माझी लाज वाटली, मी पाहिलं. पुढं खणखणीत वाजली, मागं खणखणीत वाजली, आणि डोलकाठीच्या बुडाशी हातभर जागा बद्द वाजली. वारा सुटला की सगळा ओढा ज्या जागेवर यायचा तीच जागा आतून कुजलेली आहे. वरून तिला पांढरा रंग दिलाय. शिंगांना देतात तसा.

आणि आपल्याला बरोबर अकरालाच का बोलावलं होतं, हे तू विचारलंस का? भरती होती. तुझ्या राणीचा कणा साडेपाच फूट खोल. ज्या खाड्यांतून तू रात्रीचा मुक्काम करत जाणार, त्यांच्या तोंडाशी गाळ आणि वाळू. धक्क्यावर जाळं विणत बसलेला म्हातारा मला म्हणाला की ओहोटीला ती रोज कलंडून चिखलात बसते. बसकी आहे, रणधीर. दुसऱ्यांदा बसकंच जनावर निवडलंस.

तू दलालाबरोबर सुरमई खात होतास तेव्हा मी आणि मच्छिंद्र धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेलो. तिथं एक पिवळट, बुटकी, तेवीस फुटी नाव होती. मालक ऐंशीच्या घरातले, डोळ्यांनी अधू झाले म्हणून विकतात. मी विचारायच्या आधी त्यांनी फळ्या उचलल्या. शीड जुनं आहे, नवं शिवून घ्या, म्हणाले. पाण्याची टाकी गळते, म्हणाले. जो आधी खोड सांगतो त्याच्याच गोठ्यात बसावं, हे आण्णांचं वाक्य. तळ कोरडा. इंजिन गार होतं, मच्छिंद्रनं स्वतः चालू केलं, तिसऱ्या फेऱ्याला उठलं आणि मग थांबलं नाही. कणा वर ओढून घेता येतो, त्यामुळे गुडघाभर पाण्यातही चालते आणि चिखलात बसली तर सरळ बसते. मी ती पुढून मागपर्यंत वाजवली. कुठंही बद्द नाही. फ्रीज नाही. बाटल्यांचं तुझं तू बघ.

आता मी धक्क्यावर गप्प का बसले ते. निघताना तू 'जलपरी'चा दोर खुंट्याला बांधलास, डोळे मिटून, एका हातानं, आणि मग माझ्याकडं बघितलंस. नऊ वर्षांचा असताना बघायचास तसं. आपल्या घरात काहीही सुटलं, पिशवीचं तोंड असो की ठरलेलं लग्न, तरी 'रणधीरची गाठ' म्हणतात. वैष्णवी या घरात आली तेव्हा तिलाही पहिल्या आठवड्यात हेच ऐकवलं गेलं. तू नऊ वर्षांचा होतास त्या पावसाळ्यात दुष्काळी कामावर खोदलेला माळावरचा पाझर तलाव पहिल्यांदा भरला होता, एवढं पाणी आपण जन्मात बघितलं नव्हतं. गिरिजाबाईंच्या गुऱ्हाळातली गूळ आटवायची मोठी काहील तू ओढत आणलीस, कडीला विहिरीचा जाड दोर, सोल, बांधलास, आत बसलास, म्हणालास, "आक्का, तू पण ये की." मी म्हटलं, कुणीतरी दोर धरायला पाहिजे. मग वारा आला, काहील गरगर फिरत मधोमध गेली आणि कलंडली. आण्णांनी उडी मारून तुला काढलं. तुझी गाठ सुटली, हे मी सगळ्यांना सांगितलं. बावन्न वर्षं सांगते आहे.

गाठ सुटली नव्हती. मी गुडघाभर पाण्यात ओढली गेले, पायाखालची माती सरकली आणि मी दोर सोडला. सतरा वर्षांची होते, कॉलेजात जाणार होते, भ्याले हे सांगायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी काहील बाहेर काढली तेव्हा तुझी गाठ कडीला तशीच होती. ती मी विळ्यानं कापली. तू गेली दोन वर्षं गाठी शिकतो आहेस, वैष्णवी म्हणते झोपेतसुद्धा बोटं हलतात. शिकायची गरज नव्हती. तुला नवव्या वर्षीच येत होती. एवढं सांगायला मला पत्र लागलं. बाकी सगळं दलालाबद्दल होतं, ते फोनवरही सांगता आलं असतं. रविवारी ती रंगवलेली नाव घेऊ नकोस. आणि एकटा जाऊ नकोस. वैष्णवीला पाण्यात मळमळतं, तिचा नाइलाज आहे. मला मळमळत नाही. मला नुसती भीती वाटते.

तुझीच,
आक्का

मच्छिंद्र उद्या सकाळच्या एसटीनं पुण्याला निघेल. त्याच्या हाती दिलं: हे पत्र. पिवळ्या नावेच्या मालकांची दुरुस्त्यांची वही. त्यांनी विश्वासानं दिली आहे, वाचून परत करायची. नायलॉनचा नवा दोर, वीस वाव लांब. नारिंगी जीवरक्षक जाकीट एक, मच्छिंद्रच्या लेकीनं, प्रीतीनं, फोनवरून मागवून दिलेलं, माझ्या मापाचं. घालून पाहिलं आहे, काखेत थोडं काचतं. ते परत पाठवू नकोस, नावेतच ठेव.