दुमडलेली पानं

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वाचून आनंद झाला असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. खरं तर झाला नाही. चार पानांच्या पत्रात माझ्या मुलीची बातमी दीड ओळ आणि बाकी सगळं तुझ्या त्या न्यूटांचं. भिंगरीची पत्रंही तसलीच. शेंदरी पोटाचे ते सरड्यासारखे दोन प्राणी पाण्यात कसे तरंगतात, मावशीनं काचेच्या टाकीत कसं रान उगवलंय, मावशी पाणी कसं गार ठेवते. मावशी, मावशी. तीन वर्षांपूर्वी ती तुझ्याकडे शिकायला आली आणि रोज रडायला लागली, तेव्हा तिला रमवायला तू ते प्राणी आणलेस, हे मी विसरले नाही. पण आता ती जरा जास्तच रमली आहे.

तिचं शिक्षण संपत आलं. नोकरीसाठी इथल्या इस्पितळानं तिला बोलावलंय आणि तुझ्या चष्म्याच्या दुकानासमोरच्या इस्पितळानंही. विचारलं की म्हणते, अजून ठरत नाही. म्हणून मीही टाकी आणली. शिवणयंत्राशेजारी ठेवली आहे. तुझे भावजी म्हणाले की मुलीला बोलवायचा हा फार ओला मार्ग आहे. म्हणू देत.

दुकानदारानं सांगितलं, आधी झाडं रुजू द्या, मग प्राणी आणा. झाडं लावली, सगळी कुजली. तुझी कशी जगतात ते कळव. तुला विचारायचं जिवावर आलंय, पण विचारते.

प्रेम आहेच, पण सध्या जरा दातओठ खाऊन आहे.

तुझी ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू जाड आडव्या खोडाचं झाड वाळूत पुरलं असणार. पुरलं की ते कुजतं. ते दगडाला दोऱ्यानं बांधायचं असतं. आणि दोऱ्याला तुझ्याकडे काय तोटा! दिवा टाकीला चिकटवू नकोस, पाणी तापतं आणि न्यूटांना गारवाच लागतो. पाण्याला जोरही नको. एवढं केलंस की जमेल. लहानपणी सगळं तुला आधी जमायचं आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत बसायची, तेव्हा यावेळी मला थोडं मिरवू दे.

भिंगरीला मी धरून ठेवलेलं नाही. पण खरं सांगू? ती गेली तर माझ्या घरात बोलायला कोण आहे? जन्म तू दिलास, कबूल. पण तिची आजारपणं मी काढली, परीक्षेच्या दिवसांत तिच्यासोबत मी जागले. वाढवते तिचाही काही हक्क असतो की नाही?

तिची एकच इच्छा राहिली आहे, न्यूटांची पिल्लं बघायची. माझ्याकडे ती होतच नाहीत. तिचं म्हणणं, मोठे न्यूट अंडी खाऊन टाकत असतील. मी तर अजून अंडं डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या टाकीतली झाडं पाठवते आहे, चांगली निवडून. भिंगरी घरी नव्हती, म्हणून मीच खुडली.

भावजींना नमस्कार. माझ्यावरचा राग पत्र वाचून होईपर्यंत तरी आवर.

तुझी धाकटी

१० मार्च

चि. धाकटीस,
अनेक, अगदी अनेक आशीर्वाद.

झाडं मिळाली होती. चांगली निवडून, नाही का? फडकं सोडलं तर प्रत्येक फांदीची पानं दुमडलेली, मुडपलेली, रोग पडल्यासारखी. टाकीतली खराब झाडं तेवढी काढून माझ्या गळ्यात मारलीस, हे मला तेव्हाच कळलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मोरीत फेकणारच होते. पण मग तू सगळ्यांना सांगत फिरली असतीस की ताईनं हीही मारली. म्हणून हट्टानं लावली, दगडाला दोऱ्यानं बांधून, तू सांगितलंस तशी.

परवा टाकीत डोळ्यांचे ठिपके असलेल्या काड्या वळवळताना दिसल्या. किडे समजून भिंगरीला फोन केला. ती फोनवरच किंचाळली आणि दुसऱ्या दिवशी दारात हजर. पुस्तकात शोधून म्हणाली, न्यूटाची मादी एकेक अंडं पानात ठेवते आणि पान दुमडून टाकते. रोग नव्हता, अंडी होती. माझ्या टाकीत खायला मोठे न्यूट नव्हते, म्हणून वाचली.

भिंगरी तासन् तास तिथून हलत नाही. मी मागे बसून शिवते आणि तिच्याकडे बघते. तुझे उपकार मानावेत की तुला दोन धपाटे घालावेत, कळत नाही.

तुझी ताई

१८ मार्च

ती. ताईस,
सा. न.

हो, खराब वाटली तीच पाठवली. तुझी टाकी माझ्यापेक्षा चांगली झाली तर भिंगरी जाईल, या भीतीनं पाठवली. आणि त्याच पानांनी तिला नेलं. दुकानात दिवसभर लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून काचा बसवते, आणि माझ्याच टाकीतली अंडी मला दिसली नाहीत.

मला तुझा हेवा वाटतो, ताई. आधीही वाटायचा, पण आता रात्रंदिवस जळते आहे. ती पिल्लं माझ्या न्यूटांच्या पोटची आहेत. मला परत हवीत, सगळी.

धाकटी

२५ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

फेब्रुवारीतल्या पत्रात तू वाढवणारीचा हक्क सांगत होतीस, आता पोटच्यांचा सांगतेस. माझंही तसंच झालंय. मुलगी पोटची म्हणून माझी आणि पिल्लं वाढवली म्हणून माझी. दोन्ही पत्रं भिंगरीला दाखवली. ती हसून लोळायची बाकी राहिली.

मग तिनं सांगितलं की इथल्या इस्पितळाला तिनं होकार कळवलाय. मी जिंकले. दिवसभर गुणगुणत शिवत होते. संध्याकाळी ती टाकीपुढे बसून पिल्लांना भरवत होती आणि त्यांना सांगत होती, मावशीकडे पाणी असं असतं, मावशीकडे झाडं तशी असतात, मावशी तुम्हाला अशी हाक मारेल. मावशी, मावशी. इतकी वर्षं पत्रांतून ऐकत होते, आता माझ्याच घरात, माझ्याच मुलीच्या तोंडून रोज ऐकायचं आहे. मीही जळतेच आहे गं, तू एकटी नाहीस.

पिल्लांना पाय फुटले की ये आणि निम्मी घेऊन जा. भिंगरीची वाटणी होणार नाही, पण तिनं तुझी गादी तिच्या खोलीत आत्ताच घातली आहे.

येताना झाडं आण. दुमडलेल्या पानांचीच आण.

तुझी ताई